नाच बसवण्यापासून नृत्य रचण्यापर्यंत : कोकणात राहून समकालीन नृत्याची वाट धरणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर लागला की माझा फोन वाजू लागतो आणि पलीकडून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो : "मॅडम, गॅदरिंगचा डान्स बसवून द्याल का? आठ दिवस हातात आहेत." रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत नृत्यशिक्षकाची पहिली कमाई बहुधा याच प्रश्नातून येते. माझीही तशीच आली आणि त्या कामाला मी आजही कमी लेखत नाही, कारण चाळीस मुलांना आठ दिवसांत एका तालात आणणे ही सोपी गोष्ट नाही. तरीही नाच बसवणे आणि नृत्य रचणे ही दोन वेगळी कामे आहेत. बसवताना गाणे ठरलेले असते, त्यातल्या शब्दांवरचे हातवारे ठरलेले असतात आणि मुलांची शरीरे त्या साच्यात घालायची असतात. रचताना मात्र समोरच्या शरीराचे वजन, श्वास आणि सवयी बघून त्यातूनच हालचाल शोधावी लागते, आणि गाणे असलेच तर ते सर्वांत शेवटी येते. पहिल्या कामातून दुसऱ्या कामाकडे जायला मला नऊ वर्षे लागली. बारावीनंतर किंवा पदवीनंतर ही वाट धरू पाहणाऱ्या, पण त्यासाठी कोकण कायमचे सोडण्याची इच्छा नसलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. "यात पुढे काय?" असे काळजीने विचारणाऱ्या त्यांच्या आईवडिलांनीही तो वाचावा, असे मला वाटते.

पहिली पायरी : 'कंटेम्पररी', म्हणजेच समकालीन नृत्य, म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

दूरचित्रवाणीवरील स्पर्धांमुळे हा शब्द घरोघरी पोहोचला, पण त्याबरोबर एक गैरसमजही पोहोचला. संथ गाणे, मोकळे सोडलेले केस, दोन-तीन अवघड लिफ्ट, म्हणजे जोडीदाराला उचलणे, आणि शेवटी डोळ्यांत पाणी, अशी या नृत्याची ओळख अनेकांच्या मनात पक्की झाली आहे. प्रत्यक्षात ही शरीराकडे बघण्याची एक शिस्त आहे आणि तिला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. अमेरिकेत मार्था ग्रॅहम यांनी १९२६ मध्ये आपला नृत्यसंघ सुरू केला आणि श्वास सोडताना धड आकसते, घेताना ते मोकळे होते, या साध्या निरीक्षणावर आपले संपूर्ण तंत्र उभे केले. डोरिस हम्फ्री यांनी तोल जाणे आणि तो सावरणे या दोन क्षणांमधल्या जागेलाच नृत्य मानले. १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टन यांनी दोन शरीरांनी एकमेकांवर वजन टाकून उत्स्फूर्तपणे हालचाल शोधण्याची कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन ही पद्धत पुढे आणली, आणि १९७३ पासून जर्मनीतील वुपर्टाल येथे पिना बाउश यांनी नृत्य आणि नाट्य यांच्यातली भिंत जवळजवळ पाडून टाकली.

आपल्याकडची परंपराही लहान नाही. उदय शंकर यांनी अल्मोड्यात केंद्र काढून नर्तकांची एक पिढी घडवली आणि १९४८ मध्ये 'कल्पना' हा नृत्यप्रधान चित्रपट केला. चंद्रलेखा यांनी भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कळरीपयट्टू एकत्र आणून १९८५ मध्ये 'अंगिका' रचली. अस्ताद देबू आधी कथक शिकले, पुढे कथकळी शिकले, परदेशातल्या तंत्रांचाही त्यांनी अभ्यास केला आणि मग त्यांची स्वतःची अशी भाषा घडली. या नावांमध्ये मला एकच समान गोष्ट दिसते. प्रस्थापित चौकट मोडण्यापूर्वी त्यांपैकी प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या शिस्तीत वर्षानुवर्षे घाम गाळला होता.

दुसरी पायरी : जवळ जे मिळते, त्यात पाच वर्षे घालवा

कोकणातल्या तालुक्याच्या गावी समकालीन नृत्याचा चांगला क्लास मिळणे आजही कठीण आहे, पण भरतनाट्यम किंवा कथक शिकवणाऱ्या ताई बहुतेक मोठ्या गावांत मिळतात. त्यांच्याकडे जा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा दहावीच्या वाढीव गुणांसाठी उपयोग होतो म्हणून अनेक मुले तिथपर्यंत शिकतात आणि मग क्लास सोडतात. ज्यांना हा व्यवसाय करायचा आहे त्यांनी मात्र सोडू नये, कारण खरे शिक्षण नेमके त्यानंतर सुरू होते. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसल्याने मांड्यांना आणि घोट्यांना जी ताकद येते, पढंत, म्हणजे तालाचे बोल, म्हटल्याने तालाचे जे भान येते आणि एकच गोष्ट दोनशे वेळा न कुरकुरता करण्याची जी सवय लागते, ती पुढे जन्मभर पुरते.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते. शास्त्रीय नृत्यात पाठीचा कणा बहुतांशी ताठ राहतो आणि नजर समोर असते, तर समकालीन नृत्यात कणा मणक्यामणक्याने सोडावा लागतो आणि डोके खाली, पाय वर अशा स्थितीतही दिशेचे भान ठेवावे लागते. सात वर्षे भरतनाट्यम शिकून मी बंगळूरला एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेले, तेव्हा पहिले दोन महिने माझी मानच सैल होत नव्हती. म्हणून शास्त्रीय शिक्षणाच्या जोडीला मल्लखांब, योगासने किंवा पोहणे यांपैकी एक तरी गोष्ट चालू ठेवा. मल्लखांबाने हातांना आणि पोटाला जी ताकद मिळते, ती जमिनीवरच्या हालचालींत आणि जोडीदाराला उचलताना थेट कामी येते. जवळ मल्लखांब शिकवणारे असतील, तर ही संधी दवडू नये.

तिसरी पायरी : वजन बघायला शिका

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.

शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवण्याच्या गावातल्या जागी, आली की आपण सगळे पालखीकडे बघतो. पुढच्या वर्षी पालखी नाचवणाऱ्यांच्या पायांकडे बघा. दांडा खांद्यावरून तळहातांवर येण्याच्या क्षणभर आधी त्यांचा एक पाय किंचित बाहेर सरकतो, गुडघा सैल होतो, तोंडाने श्वास सुटतो आणि सगळे वजन एका टाचेवर जाते. त्यानंतरच खांदा हलतो. खांदा आधी हलला तर पालखी डगमगते आणि शेजारचा माणूस लगेच ओरडून सावध करतो. 'गुडघा आधी, खांदा नंतर' हा नियम त्यांना कोणत्याही वर्गात शिकवलेला नसतो, पण जगातल्या कोणत्याही लिफ्टचा तोच पहिला नियम आहे. जाखडी या कोकणातल्या लोकनृत्यात शाहीर आणि वादक मध्यभागी बसतात आणि बाल्ये त्यांच्याभोवती रिंगणात नाचतात. तिथे वेग वाढत जातो तसे शरीर रिंगणाच्या आतल्या बाजूला किती झुकते, ते बघा. दशावतारात मध्यरात्र उलटल्यावर राजा प्रवेश करतो, तेव्हा मंचावर एक बाकडे आणि बाजूला पेटी, मृदंग, झांज एवढेच असते. तरीही केवळ पावलांच्या वजनावरून तो राजा आहे हे शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळते. शिवाय तिथे लिखित संहिता नसते. रंगपटात कथेचा आराखडा ठरतो आणि संवाद मंचावरच सुचत जातात. ठरलेल्या चौकटीत उत्स्फूर्तपणे रचना करणे यालाच आम्ही इम्प्रोव्हायझेशन म्हणतो, आणि त्याचे इतके उत्तम उदाहरण आपल्या गावच्या जत्रेत दर वर्षी दिसत असते.

घरी करण्याजोगा एक सराव देते. पाय खांद्यांच्या रुंदीएवढे ठेवून उभे राहा, डोळे मिटा आणि वजन हळूहळू चवड्यांवर, मग टाचांवर, मग डाव्या-उजव्या कडांवर जाऊ द्या. पाच मिनिटांनी एका पायावर इतके वजन टाका की दुसरा पाय आपोआप सुटेल, उचलावा लागणार नाही. सुटणे आणि उचलणे यांतला फरक ज्या दिवशी शरीराला कळतो, त्या दिवशी या नृत्याचे दार उघडते. हा सराव रोज करा, दर आठवड्याला त्याचे मोबाइलवर चित्रीकरण करा आणि एका वहीत तारखेसह दोन ओळी लिहा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

चौथी पायरी : काही काळ बाहेर पडा

इथे राहायचे असले तरी दीड-दोन वर्षे बाहेर शिकावेच लागते. सुरुवात छोट्या कार्यशाळांनी करा. शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडली की शनिवारी सकाळी मुंबईत पोहोचता येते आणि रविवारी रात्री निघून सोमवारी कॉलेजही गाठता येते. मी दोन वर्षे हेच केले. सावंतवाडी-कुडाळकडच्या मुलांना पणजी त्याहून जवळ आहे. तिथे डिसेंबरमध्ये होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात समकालीन नृत्याचे प्रयोग बघायला मिळतात.

पूर्णवेळ शिक्षणासाठी दोन प्रकारचे मार्ग आहेत. पदवी हवी असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय यांचा विचार करावा. तिथली नृत्याची पदवी शास्त्रीय नृत्यातली असते, पण शाळेत नोकरी करायची झाल्यास किंवा पुढे संशोधन करायचे झाल्यास तिचे मोल आहे. समकालीन तंत्रच शिकायचे असेल, तर १९९२ पासून काम करणारी बंगळूरची अट्टक्कलरी, ॲशले लोबो यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली डान्सवर्क्स, तसेच मुंबईतील टेरेन्स लुईस आणि श्यामक दावर यांच्या संस्था, ही नावे तुमच्या कानांवर येतील. प्रत्येकाची शैली आणि उद्देश वेगळा आहे. कुणी रंगमंचासाठी नर्तक घडवतो, तर कुणी चित्रपट आणि मोठ्या कार्यक्रमांसाठी. त्यामुळे नाव ऐकून प्रवेश घेऊ नका. आठवड्याला प्रत्यक्ष किती तास वर्ग होतात, रोज शिकवणारे शिक्षक कोण असतात, शरीरशास्त्र आणि रचना हे विषय अभ्यासक्रमात आहेत का, दुखापत झाली तर काय व्यवस्था आहे आणि मागच्या वर्षीचे विद्यार्थी आज काय करतात, हे प्रश्न स्पष्टपणे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडून न घेता त्या विद्यार्थ्यांकडूनच घ्यावे.

पैशांची अडचण खरी आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांसाठी दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. ती शास्त्रीय नृत्य, रंगभूमी, लोककला अशा विषयांसाठी मिळते, म्हणून दुसऱ्या पायरीतले शास्त्रीय शिक्षण इथेही उपयोगी पडते. अर्जाच्या मुदतीवर वर्षभर लक्ष ठेवावे लागते.

पाचवी पायरी : शिकवण्याआधी शिकवणाऱ्याच्या बाजूला उभे राहा

ही पायरी गाळण्याचा मोह सर्वांना होतो. मलाही झाला होता, आणि त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली.

पहिली मोठी कार्यशाळा करून परत आल्यावर, बंगळूरला जाण्याच्या बरेच आधी, मी एका हॉलमध्ये क्लास सुरू केला. हॉलची जमीन लादीची होती. तिथे मी आठवीतल्या मुलींना गिरकी घेऊन गुडघ्यांवर उतरण्याची एक हालचाल शिकवली, कारण ती दिसायला सुंदर होती आणि मला स्वतःला ती नुकतीच जमू लागली होती. तिसऱ्या दिवशी एका मुलीचा गुडघा सुजला. तिला तीन आठवडे विश्रांती घ्यावी लागली. तिची आई मला भेटायला आली. ती रागावली नाही, तिने फक्त एवढेच विचारले, "ताई, हे तुम्ही स्वतः किती दिवस केलं होतंत?" खरे उत्तर अकरा दिवस असे होते, आणि ते मी तिला सांगितले. त्यानंतर मी क्लास बंद केला आणि दोन वर्षे एका अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली साहाय्यक म्हणून राहिले.

साहाय्यकाने काय करायचे, तर मुलांचे पाय बघायचे. शिक्षक पुढे उभे राहून दाखवत असतात, त्या वेळी मागच्या रांगेत कुणाचा गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतून आत झुकतो, कुणी श्वास धरून ठेवते, कुणाला उजवे-डावे उलटे दिसते, हे टिपायचे आणि वर्ग संपल्यावर शिक्षकांशी बोलायचे. दोन वर्षांत मी जेवढे शिकवायला शिकले, तेवढे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकले नव्हते.

आज माझा दीड तासाचा वर्ग साधारण असा चालतो. पहिली पंधरा मिनिटे चालणे, सांधे फिरवणे आणि कणा हळूहळू खाली सोडून पुन्हा उभा करणे यांत जातात. अंग तापण्याआधी एका जागी धरून ठेवलेले लांब ताण मी देत नाही, ते शेवटी देते. त्यानंतर पंचवीस मिनिटे जमिनीवरचे काम होते. लोळताना वजन मांडीच्या, कुशीच्या आणि खांद्याच्या मांसल भागावरून जायला हवे, हाडाच्या टोकावरून जाता कामा नये. हे तोंडी सांगून कळत नाही, म्हणून मी मुलांना एक ओला टॉवेल जमिनीवर टाकून दाखवते. तो आवाज न करता पसरतो, आणि आपणही तसेच पसरायचे असते. "आवाज आला म्हणजे हाड आलं," हे वाक्य आता मुले एकमेकांना सांगतात. पुढची पंचवीस मिनिटे उभ्याने फ्रेज, म्हणजे हालचालींची छोटी साखळी, शिकण्याची असतात, मग पंधरा मिनिटे प्रत्येकाने त्या फ्रेजमध्ये स्वतःची एक हालचाल घालायची असते. उरलेल्या वेळात शरीर शांत करणे आणि बोलणे होते.

मुलांना हात लावण्याचा विषय पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलावा लागतो, कारण या नृत्यात स्पर्श टाळता येत नाही. मी दर वेळी विचारून, तळहात उघडा ठेवून आणि शक्यतो खांदा, मनगट, पाठीचा वरचा भाग एवढ्यांनाच स्पर्श करून दुरुस्ती सांगते. वर्गाचे दार उघडे ठेवते आणि पालकांना कधीही येऊन बसण्याची मुभा देते. मुलांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा पोक्सो हा २०१२ चा कायदा प्रत्येक शिक्षकाने वाचलेला असावा. साहाय्यक ठेवताना त्याची पोलीस पडताळणी करून घ्यावी आणि कुणी मूल 'नको' म्हणाले, तर कारण न विचारता थांबावे.

सहावी पायरी : जमीन तयार करा

आपल्याकडे हॉल मिळतात, पण नाचण्याजोगी जमीन मिळत नाही. लादी किंवा सिमेंटच्या कोब्यावर उड्या मारल्या की त्या धक्क्याचा भार नडगी, गुडघे आणि कंबर यांच्यावर येतो. पावसाळ्यात लादीला पाणी सुटते, आणि मग ती घसरडी होते ती वेगळीच. उपाय खर्चिक असला तरी तो एकदाच करावा लागतो. खाली रबराचे तुकडे, त्यावर लाकडी रिपांची चौकट, त्यावर पाणी सहन करणाऱ्या प्रतीच्या १८ मिलिमीटर प्लायच्या ८ फूट बाय ४ फूट फळ्या आणि सर्वांत वर व्हिनाइलचा गुळगुळीत थर, अशी रचना गावचा चांगला सुतार आठवड्याभरात करून देतो. भिंतीपासून चारही बाजूंनी इंचभर जागा मोकळी ठेवायला त्याला आवर्जून सांगा, नाहीतर हवा न खेळल्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात खालच्या रिपांना बुरशी धरते. जमिनीवरचे काम करायचे असेल, तर बारा मुलांमागे निदान पाचशे चौरस फूट जागा हवी. एवढा खर्च झेपत नसेल, तर उड्या आणि गुडघ्यावरच्या हालचाली पूर्णपणे वगळून शिकवा, पण लादीवर त्या करू नका. पावसाळ्यात नायटा पसरतो, म्हणून मॅट आणि टॉवेल ज्याचे त्याने आणायचे, हा नियम मी जून ते सप्टेंबर कसोशीने पाळते.

सातवी पायरी : वर्षाचा आणि पैशांचा हिशेब मांडा

कोकणातले वर्ष बारा महिन्यांचे नसते. जुलैमध्ये भातलावणीच्या दिवसांत खेड्यांतली मुले येत नाहीत, गणपतीत किमान दोन आठवडे कुणीच येत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा व शिमगा एकापाठोपाठ येतात. नोव्हेंबर ते जानेवारी गॅदरिंगचे असतात. एप्रिल-मेमध्ये मुंबईकर चाकरमान्यांची मुले गावी येतात, तेव्हा सुटीतले शिबिर सर्वांत जास्त भरते. समजा, चोवीस मुले आहेत आणि दरमहा शुल्क ७०० रुपये आहे. महिन्याचे १६,८०० रुपये दिसतात खरे, पण पूर्ण शुल्क वर्षातून नऊ महिनेच येते असे धरल्यास वर्षाचे १,५१,२०० रुपये होतात. हॉलचे भाडे दरमहा ३,००० रुपये असेल तर ते बाराही महिने द्यावे लागते, म्हणजे ३६,००० रुपये वजा जाता महिन्याला सरासरी ९,६०० रुपये उरतात. यातून घर चालत नाही, आणि हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. म्हणून क्लासच्या जोडीला गॅदरिंगची कामे, शाळेत आठवड्यातून दोन दिवसांची अर्धवेळ नोकरी, राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांसाठी देहबोलीचे काम आणि सुटीतली शिबिरे असे चार-पाच प्रवाह एकत्र आणावे लागतात. बाहेरचे काम घेताना तारीख, तासांची संख्या आणि रक्कम कागदावर लिहून घ्या, आणि निम्मे मानधन आधी घ्या. एका शाळेने माझे मानधन पुढच्या शैक्षणिक वर्षापर्यंत लांबवले होते, आणि ती रक्कम नेमकी माझ्या पावसाळ्यातल्या भाड्याची होती.

कागदपत्रांचा बाऊ करू नये. मोजकेच कामगार असतील, तर महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. छोट्या व्यवसायांसाठीची उद्यम नोंदणी विनामूल्य होते. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे लागत नाही.

आठवी पायरी : पहिली रचना दहा मिनिटांची असू द्या

विषय मोठा घेऊ नका. स्त्रीमुक्ती, पर्यावरण, युद्ध हे विषय महत्त्वाचे आहेत, पण नवख्या रचनाकाराच्या हातात ते घोषवाक्ये होऊन जातात. माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या आईचे जाळे विणणे आणि उसवणे यांतून सहा मिनिटांची एकल रचना केली. त्यात बोटांचा ताण हळूहळू मनगटात, कोपरात, पाठीत उतरत जातो आणि शेवटी संपूर्ण शरीर सुतासारखे ओढले जाते. बघणाऱ्याला काही समजावून सांगावे लागले नाही.

अशी एखादी ओळखीची हालचाल घ्या. ती मोठी करा, लहान करा, उलटी करा, जमिनीवर करा, फक्त पाठीने करा. मग ती दोघांना द्या, एकाने सुरुवात केल्यावर चार मात्रांनी दुसऱ्याला सुरू करायला सांगा आणि काय घडते ते बघा. संगीत शेवटी निवडा. प्रसिद्ध गाणे वापरून जाहीर प्रयोग करायचा असेल, तर पीपीएल आणि आयपीआरएस यांसारख्या, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा परवाना लागू शकतो. त्यापेक्षा गावातल्या मृदंगवादकाला तालमीला बोलवा. त्याला योग्य मानधन द्या आणि पत्रिकेत त्याचे नाव छापा. हाच नियम पावलांनाही लागू आहे. जाखडीचे पाऊल रचनेत घेणार असाल, तर ज्या शाहिराकडून ते शिकलात त्याला आधी सांगा, त्याला तालीम दाखवा. पालखी, तरंग, देवाची निशाणे मंचावर केवळ शोभेसाठी आणू नयेत. हालचालीतून शिकायला गावाची ना नसते, पण श्रद्धेच्या वस्तूची सजावट केलेली गावाला आवडत नाही, आणि त्यात गावाचे काही चुकत नाही.

प्रयोगासाठी थेट मोठे नाट्यगृह घेण्याची गरज नाही. महाविद्यालयात असाल तर मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात भाग घ्या. नंतर शाळेचे सभागृह, देवळाचा मंडप, वाचनालयाचा हॉल असे पुढे जा. रत्नागिरीचे स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह किंवा मालवणचे मामा वरेरकर नाट्यगृह यांसारखा मंच मिळाला, तर प्रयोगाच्या आदल्या दिवशी किमान दोन तास तिथे तालीम मागून घ्या. मंचाच्या फळ्यांवर अनवाणी पायांनी एकदा चालून वर आलेले खिळे आणि फटी तपासा, व्हिनाइलचा रोल सोबत न्या आणि वीज गेली तर काय करायचे, हे वादकांशी आधीच ठरवून ठेवा.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी ती जुनी वही काढा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नृत्यरचनेला संरक्षण मिळते, पण त्यासाठी ती लेखी किंवा अन्य स्वरूपात नोंदलेली असावी लागते. म्हणून पहिल्या पानावर रचनेचे नाव, तारीख, नर्तक, वादक आणि ज्यांच्याकडून काही घेतले त्यांची नावे लिहा. त्याखाली प्रवेशाप्रमाणे हालचाली, मंचावरच्या जागांच्या आकृत्या आणि मोजणी लिहा. चित्रीकरणाची प्रत दोन ठिकाणी ठेवा. मग वेगळ्या शाईने, पुढच्या प्रयोगाआधी काय काढून टाकायचे ते लिहा. माझ्या पहिल्या रचनेच्या पानावर लाल शाईत 'मधली चार मिनिटे नकोत' असे लिहिलेले आहे, आणि दुसऱ्या प्रयोगात ती नव्हती.